१२ वर्षांच्या गुलाम पोरानं मधमाशीचं काम केलं, म्हणून व्हॅनिला जगभर पोहोचला

कुरखेड्याच्या जंगलात झाडाच्या फांदीला चिकटलेली रास्ना अनेकांनी पाहिली असेल. बरेच जण तिला बांडगूळ समजतात, पण ती आमरी, म्हणजे ऑर्किड. आईस्क्रीममधला व्हॅनिलाही याच आमरीच्या खानदानातला. त्याच्या वेलीला लागणाऱ्या शेंगांतून तो वास येतो.

ही वेल मूळची मेक्सिकोची. तिचं फूल सकाळी उमलतं आणि काही तासांत मिटतं. त्यात नर आणि मादी भाग अगदी जवळ असतात, पण मध्ये एक पातळ पडदा. मेक्सिकोच्या रानातल्या माश्या तो अडथळा पार करून परागीभवन करतात. १८२० च्या आसपास फ्रेंचांनी वेल हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर नेली, पण त्या माश्या मागेच राहिल्या. वेल वाढली, फुलली, शेंग मात्र धरेना.

याच बेटावर सेंट-सुझान इथं १८२९ मध्ये एडमंडचा जन्म झाला. आई बाळंतपणातच गेली. जन्मानं गुलाम, त्यामुळं आडनावही नव्हतं. मालक बेलिये-बोमों याला झाडांचा नाद. तो पोराला बागेत सोबत फिरवायचा. भोपळवर्गातल्या वेलीच्या फुलांचं परागीभवन हातानं कसं करायचं, हे त्यानंच त्याला दाखवलं.

१८४१ मध्ये मालकाला एकाएकी व्हॅनिलाच्या वेलीवर शेंगा दिसल्या. हे मीच केलं, असं पोरगं म्हणालं. मालकाचा विश्वास बसेना. मग एडमंडनं करून दाखवलं. बारीक काडीनं पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं पराग मादी भागावर दाबायचे. काही सेकंदांचं काम!

बेल्जियमच्या शार्ल मॉरेननं १८३६ मध्येच हातानं शेंग धरवली होती, पण ती पद्धत मळ्यात चालण्यासारखी नव्हती. एडमंडची चालली. त्याला मळ्यामळ्यांत शिकवायला पाठवू लागले. शतक संपेपर्यंत रीयुनियननं व्हॅनिलात मेक्सिकोलाही मागं टाकलं.

पैसा मळेवाल्यांनी कमावला. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली, एडमंडला 'अल्बियस' हे आडनाव मिळालं, पण जमीन किंवा मोबदला काहीच नाही. पुढं दागिन्यांच्या चोरीत त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या शोधाचा दाखला देऊन रदबदली झाली, तेव्हा तो लवकर सुटला.

तेवढ्यात रिशार नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं शोध आपलाच असल्याचा दावा केला. तो खोडून काढायला जुना मालकच उभा राहिला. एडमंडला सरकारी मदत मिळावी म्हणूनही त्यानं खटपट केली, हाती काही आलं नाही.

१८८० मध्ये सेंट-सुझानच्या रुग्णालयात एडमंड कंगाल अवस्थेत वारला. केरळ, कर्नाटकातल्या व्हॅनिलाच्या बागांत आजही फुलाफुलाला त्याच पद्धतीनं काडी लावली जाते.