विश्लेषण : फेसलिफ्टचा स्त्रियांच्या नोकरीशी काय संबंध? कोण होत्या डॉ. सुझान नोएल?

सुरकुत्या घालवणारी फेसलिफ्ट शस्त्रक्रिया म्हटली की आज चित्रपटतारका आठवतात. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमधील एका महिला डॉक्टरने मात्र हा पोटापाण्याचा प्रश्न मानला होता.

सुरुवात कशी झाली?

सुझान नोएल यांचा जन्म १८७८ चा, उत्तर फ्रान्समधला. लग्नानंतर त्या वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या. पहिल्या महायुद्धात नाक, गाल, जबडा गमावलेले सैनिक पॅरिसच्या रुग्णालयांत येऊ लागले. तिथे प्रसिद्ध शल्यचिकित्सक इपोलित मोरेस्तँ यांच्या हाताखाली त्या चेहऱ्याची पुनर्रचना शिकल्या.

शस्त्रक्रिया कशी होत असे?

केसांच्या कडेला आणि कानापुढे त्वचेची अरुंद पट्टी कापायची, उरलेली त्वचा ओढून शिवायची. व्रण केसांत लपे. तेवढाच भाग बधिर केला जाई. त्यामुळे रुग्ण त्याच दिवशी घरी जाई. नोएल बहुतेक शस्त्रक्रिया राहत्या घरीच करत.

त्यात उणीव कोणती होती?

नुसती ताणलेली त्वचा काही काळाने पुन्हा सैल पडते. १९७६ मध्ये पॅरिसमधीलच मिट्झ आणि पेरोनी या डॉक्टरांनी त्वचेखालच्या 'स्मास' या थराचे वर्णन केले. हा थर मानेतील स्नायूशी जोडलेला असतो. तो घट्ट केला की चेहरा आणि मान दोन्ही उचलली जातात आणि त्वचेवरचा ताण कमी होतो.

मग नोकरीचा संबंध काय?

वय चेहऱ्यावर दिसू लागले की स्त्रियांना काम मिळेनासे होते, हे नोएल यांनी रुग्णांकडून ऐकले होते. ज्यांच्याकडे पैसे नसत, त्यांच्यावर त्या मोफत उपचार करत. १९२६ मध्ये त्यांनी सौंदर्यशस्त्रक्रियेच्या सामाजिक भूमिकेवर पुस्तक लिहिले.

पण बदलायचे कोणी?

वय पाहून काम नाकारणारा मालक तसाच राहतो आणि टाके स्त्रीच्या चेहऱ्यावर पडतात, हा आक्षेप खराच. नोएल फक्त शस्त्रक्रियेवर थांबल्या नाहीत. त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढल्या. १९२२ मध्ये मुलगी गेली, १९२४ मध्ये पती गेले. त्याच १९२४ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचा सोरॉप्टिमिस्ट क्लब उभा केला. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९४४ मध्ये. तो दिवस नोएल यांनी पाहिला. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले.

वय दिसते म्हणून काम नाकारण्याची रीत मात्र अजून गेलेली नाही.