श्रीमती दुर्गाबाई खोटे

कोणता धंदा अब्रूचा व कोणता हलका, हा प्रश्न मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, भवितव्याचा विचार करताना प्रत्येक आईबापांपुढे उभा राहतो. आमच्या कर्जत तालुक्यातील घरेही त्यास अपवाद नाहीत. म्हणून नटवर्य श्रीमती दुर्गाबाई खोटे यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईस लाड यांच्या सुखवस्तू घराण्यात झाला. हे घराणे मूळचे गोव्याकडील. त्यांचे शिक्षण कॅथीड्रल हायस्कुलात व नंतर सेंट झेवियर कॉलेजात झाले. लहान वयातच त्यांचा विवाह खोटे यांच्या श्रीमंत घरात झाला. परंतु लक्ष्मी चंचल असते. घरावर आर्थिक संकट कोसळले. तारुण्यातच वैधव्यही वाट्यास आले. पदरी दोन लहान मुलगे होते. त्यांना वाढवावयाचे, तर स्वतः मिळविणे प्राप्त होते.

त्या काळी कुलीन स्त्रीने रंगभूमीवर किंवा पडद्यावर येणे लांच्छनास्पद समजत. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला, तेव्हा तारामतीच्या कामास स्त्री मिळेना. अखेर साळुंके नावाच्या पुरुषाने ते केले. १९३१ साली दुर्गाबाईंनी 'फरेबी जाल' या चित्रपटात एक लहानशी भूमिका केली. चित्रपट पसंतीस उतरला नाही आणि घराण्याचे नाव बुडविल्याचा बोल मात्र त्यांच्या माथी आला. दुसरी एखादी खचून घरी बसली असती.

पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. दिग्दर्शक होते शांताराम व हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे. तारामतीचे काम दुर्गाबाईंकडे आले. एकोणीस वर्षांपूर्वी जे काम करावयास स्त्री मिळत नव्हती, तेच त्यांनी अशा गांभीर्याने केले की निंदकांची तोंडे बंद झाली. १९३६ साली 'अमरज्योति'मध्ये अन्यायाविरुद्ध बंड करणारी सौदामिनी, १९४२ साली 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी, १९६० साली 'मुघल-ए-आझम'मध्ये पती व पुत्र यांच्यामध्ये सापडलेली जोधाबाई, अशा नाना भूमिका त्यांनी वठविल्या. एकाच कंपनीच्या चाकरीत न राहता त्या निरनिराळ्या संस्थांतून कामे करीत, कलकत्त्यासही जात. सुमारे ५० वर्षांत त्यांनी जवळजवळ २०० चित्रपटांत कामे केली. १९३७ साली 'साथी' हा चित्रपट त्यांनी स्वतः निर्माण केला व दिग्दर्शितही केला.

पडद्यावर कीर्ती मिळाली तरी रंगभूमीस त्या विसरल्या नाहीत. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्या उभ्या राहिल्या. 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई व शेक्सपियरच्या मॅक्बेथवरून शिरवाडकरांनी रचिलेल्या 'राजमुकुट'मधील राणी ही त्यांची नावाजलेली कामे. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला, १९६८ साली पद्मश्री मिळाली आणि पुढे १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांस लाभला. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा हा मान! २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाईंनी देह ठेविला.

आपल्या सर्व मुलांनी नटनटी व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु परिचारिकेचे कामही एके काळी आपल्या समाजात हलकेच मानीत असत, हे आम्ही कसे विसरावे? रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या मुलींनी आपल्या वागणुकीनेच त्यास प्रतिष्ठा आणिली. शुभवर्तमानातील दाखल्यात धन्याने सोपविलेले द्रव्य भयाने पुरून ठेवणारा चाकर दोषी ठरला. देवाने आपल्या मुलीच्या ठायी कोणते द्रव्य ठेविले आहे, हे पालकांनी आधी पाहावे. लोक काय म्हणतील, हे मागाहून.