अंध विद्वान हानावा होकिइची आणि सहाशे सहासष्ट ग्रंथ

लोकलच्या डब्यात भीमगीते गाणारा अंध गायक आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कोणी पाच-दहा रुपये देतो, कोणी गाण्याला दाद देतो. पण या माणसाला गाण्याशिवाय आणखी काय करायचे होते, हे त्याला कोणी विचारलेले आम्ही तरी पाहिले नाही. अंध आहे म्हणजे गाणार, खुर्च्या विणणार, मालिश करणार, फार तर टेलिफोनवर बसणार, हे आपण धरूनच चालतो. पोटाची सोय झाली की पुनर्वसन झाले, अशी ही समजूत आहे. जन्मावरून धंदा ठरवणाऱ्या व्यवस्थेचे चटके ज्यांनी सोसले, त्या आपल्या समाजाला तरी ही समजूत खटकायला हवी. म्हणून आज आम्ही जपानच्या एका माणसाची गोष्ट सांगत आहोत. जपानी शाळकरी मुलांना तो माहीत आहे, आपल्याकडे मात्र त्याचे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही.

हानावा होकिइची यांचा जन्म 1746 साली आजच्या साइतामा प्रांतातल्या एका खेड्यात, शेतकरी घरात झाला. सातव्या वर्षी आजारपणात दोन्ही डोळे गेले. बाराव्या वर्षी आई गेली. पंधराव्या वर्षी हा मुलगा एदो शहरात आला. एदो म्हणजे आजचे टोकियो.

त्या काळच्या जपानात अंधांसाठी काहीच सोय नव्हती असे नाही. उलट बऱ्याच देशांपेक्षा ती चांगली होती. तोदोझा नावाचा अंध पुरुषांचा संघ होता, त्याला राज्यकर्त्यांचे संरक्षण होते. वीणेसारखे बिवा वाजवून युद्धकथा गाणारे, शामिसेन व कोतो वाजवणारे, मालिश करणारे, सुया टोचून उपचार करणारे असे सगळे त्यात असत. सुगियामा वाइची या अंध वैद्याने सतराव्या शतकातच अंधांना ॲक्युपंक्चर शिकवणारी शाळा चालवली. पॅरिसच्या प्रसिद्ध अंधशाळेच्या सुमारे शंभर वर्षे आधीची ही गोष्ट. सुई नळीतून टोचण्याची पद्धत त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि जपानमध्ये ती आजही वापरात आहे.

पण संघाची दुसरी बाजूही होती. आत पदांची लांबलचक उतरंड होती आणि वरची पदे पैसे भरून मिळत. संघाला सावकारीचा खास परवाना होता, त्यावर काही जण गडगंज झाले. ज्याला ना हात चालवता येत, ना गळा, त्याने तळाशीच राहायचे. आधार होता, पण ठरलेल्या चौकटीतला.

होकिइची या चौकटीत बसेना. वाद्यावर बोटे वळत नव्हती, सुया जमत नव्हत्या, मालिशमध्येही प्रगती नव्हती. निराश होऊन त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तेव्हा त्याचे गुरू आमेतोमी यांनी, जे स्वतः अंध होते, त्याला काय हवे आहे ते विचारले. मुलाने सांगितले की विद्या शिकायची आहे. गुरूंनी तीन वर्षांची मुदत दिली. तोवर खर्च आपण करू, जमले नाही तर गावी परत पाठवू, असे ठरले. आमच्या मते या सगळ्या चरित्रातला सर्वात मोठा प्रसंग हाच आहे. पुढचे ग्रंथ, मानसन्मान हे सारे या एका विचारण्यानंतर आले.

ब्रेल लिपी तेव्हा जगात नव्हती. लुई ब्रेलचा जन्मच 1809 चा. मग होकिइची शिकला कसा? ऐकून. शेजारचा एक सामुराई त्याला पुस्तके वाचून दाखवी. मालिशला गेला की मजुरीऐवजी चार पाने वाचून दाखवा, असे तो सांगे म्हणतात. एकदा ऐकले की ते त्याच्या डोक्यात पक्के बसे. आपल्याकडे विद्वानाला बहुश्रुत म्हणतात, पालीत बहुस्सुत. शब्दाचा अर्थच पुष्कळ ऐकलेला. श्रीलंकेत लिहून ठेवला जाईपर्यंत त्रिपिटकही भिक्खूंनी पिढ्यान्‌पिढ्या पाठांतरानेच जपला होता. त्या दृष्टीने होकिइचीची पद्धत आपल्याला परकी नाही. पुढे कामो नो माबुची या नामवंत पंडिताकडेही तो शिकला आणि 1783 साली संघात केंग्यो या वरच्या पदाला पोहोचला.

1779 साली त्याने जे काम हाती घेतले ते डोळसांनाही न पेलणारे होते. जपानभर जुनी हस्तलिखिते विखुरलेली होती. कुणाच्या घराण्यात, कुणाच्या विहारात, कुणाच्या पेटीत. आगी लागत, कसर लागे, आणि एकुलती एक प्रत कायमची नाहीशी होई. ती सारी मिळवायची, प्रती ताडून पाहायच्या, चुका काढायच्या आणि लाकडी ठशांवर कोरून छापायची, असा त्याचा संकल्प होता. ग्रंथमालेचे नाव गुन्शो रुइजू. हे तडीस जावे म्हणून प्रज्ञापारमिता हृदय सूत्राचे दहा लाख वेळा पठण करण्याचा नेमही त्याने धरला.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या वाचकांपैकी काहींना हे कर्मकांड वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटले. पण सूत्र म्हणत तो स्वस्थ बसला नव्हता. विहारांची दारे ठोठावत होता, सरदारांकडून हस्तलिखिते उसनी आणत होता, छपाईसाठी कर्ज काढत होता, शिष्यांकडून पाने वाचून घेऊन चुका दाखवत होता. पठणाने त्याला धीर दिला असेल, काम त्याने स्वतः केले.

1793 मध्ये शासनाच्या मदतीने त्याने जपानी विद्येची एक संस्था सुरू केली. तिथले शिष्य डोळस, आणि गुरू अंध. एकदा रात्री पाठ चालू असताना वाऱ्याने दिवा विझला. शिष्यांची धांदल उडाली, गुरुजींचे बोलणे मात्र चालूच. काय झाले ते कळल्यावर डोळे असण्याची केवढी अडचण म्हणून ते हसले, अशी आठवण जपानात सांगतात.

ग्रंथमाला पूर्ण व्हायला 1819 साल उजाडले. चाळीस वर्षे लागली. बाराशेहून अधिक जुनी पुस्तके, सहाशे सहासष्ट खंड. त्यासाठी कोरलेले 17,244 लाकडी ठसे टोकियोच्या शिबुया भागात आजही जपून ठेवले आहेत. 1821 साली होकिइचीला संघाचे सर्वोच्च पद मिळाले आणि त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला.

त्याने छापलेल्या एका जुन्या कायदेग्रंथाचा पुढे वेगळाच उपयोग झाला. ओगिनो गिन्को या त्याच्याच प्रांतातल्या स्त्रीला डॉक्टर व्हायचे होते, आणि बाईला परवाना देण्याचा दाखला नाही म्हणून सरकार अडवत होते. प्राचीन जपानात स्त्री वैद्य होत्या, हा पुरावा त्या ग्रंथात सापडला. 1885 मध्ये आधुनिक वैद्यकाचा परवाना मिळवणारी ती जपानची पहिली स्त्री ठरली.

अंधत्व हे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ, असे होकिइचीच्या जपानातही मानत आणि आपल्याकडेही अजून मानतात. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात पूर्वकर्माचा हा सिद्धांत नाकारला, कारण त्यामुळे दुःखी माणसाची जबाबदारी समाज आणि राज्य सहज झटकू शकते. दिव्यांगांच्या शाळा, पेन्शन, आरक्षण यांच्यावर बोलताना आपण ही भूमिका विसरता कामा नये.

होकिइचीनंतर त्याच्या मुलाने संस्थेचे काम पुढे नेले. बादशहाला पदच्युत करण्याचे जुने दाखले तो शोधतो आहे, अशी खोटी अफवा उठली आणि दोन तरुण सामुराईंनी त्याला ठार केले. एक इतो हिरोबुमी, जो पुढे जपानचा पहिला पंतप्रधान झाला. दुसरा यामाओ योझो. हा यामाओ पुढे ग्लासगोच्या जहाज कारखान्यात कामाला होता. तिथे मूकबधिर कामगार खुणांनी बोलत सफाईने काम करताना त्याने पाहिले. मायदेशी परतल्यावर 1871 साली त्याने अंध व मूकबधिरांसाठी शाळा काढाव्यात असा अर्ज सरकारकडे केला. त्याच वर्षी सरकारने तोदोझा संघ बरखास्त केला होता, आणि हजारो अंधांचा जुना आधार एका हुकमाने गेला होता. यामाओ आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टोकियोची अंधशाळा 1880 मध्ये उघडली. 1890 साली तिथल्याच शिक्षक इशिकावा कुराजी यांनी ब्रेलचे सहा ठिपके जपानी भाषेला जुळवून दिले.

यामाओने हे पश्चात्तापाने केले का, याबद्दल जपानी अभ्यासक अजून तर्क करतात. आपल्या वाचकांना अंगुलिमाल आठवेल, आम्हालाही आठवला. पण यामाओच्या अर्जात काय मागितले होते ते महत्त्वाचे. अंधांना भीक नको, धंदा आणि विद्या दोन्ही शिकवा, एवढेच त्यात होते.

1937 मध्ये हेलन केलर जपानला गेल्या, तेव्हा शिबुयातल्या त्या ठशांच्या इमारतीत त्या मुद्दाम गेल्या. लहानपणी आईने होकिइचीचे उदाहरण त्यांच्यापुढे ठेवले होते. तिथे त्यांनी होकिइचीच्या लहानशा पुतळ्यावरून आणि त्याच्या जुन्या मेजावरून बराच वेळ हात फिरवला.