नकाशातून उगवलेले बेट

घरात व्यापाराचा किंवा लढाईचा पट मांडला, की मुले सोंगट्या वाटून घेण्याआधी त्यावरचा नकाशा निरखू लागतात. बंदरे, खिंडी, नद्या यांवरून बोट फिरत राहते. ही ओढ रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने तिशी ओलांडल्यावरही जपली, म्हणूनच आपल्याला ‘ट्रेझर आयलंड’ मिळाले.

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी एडिंबरोत झाला. छातीच्या दुखण्याने बालपणाचा मोठा भाग अंथरुणातच गेला. पांघरुणाच्या घड्यांचे डोंगर आणि त्यांतून चालणारे शिशाचे शिपाई पुढे त्याच्या बालकवितेतही उतरले. घराणे दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्यांचे. वडील थॉमस यांची इच्छा मुलाने तोच व्यवसाय करावा अशी होती. मुलाने कायद्याचे शिक्षण घेतले, वकिली मात्र केलीच नाही, लेखणी धरली. धर्मावरूनही पितापुत्रांत कडाक्याचे वाद झाले.

१८८० मध्ये त्याने फॅनी ऑस्बोर्न या अमेरिकन घटस्फोटितेशी लग्न केले. तिचा मुलगा लॉइड तेव्हा बारा वर्षांचा होता. हवापालटासाठी हे कुटुंब स्वित्झर्लंडमधील दाव्होसला गेले. तिथला खेळ लॉइडने पुढे लिहून ठेवला आहे. डुगडुगत्या शिडीने चढायचा, मेणबत्तीशिवाय दिसू नये असा थंडगार माळा. त्याच्या जमिनीवर रंगीत खडूंनी काढलेला नकाशा. डोंगर, नद्या, शहरे, पूल आणि दोन प्रतींचे रस्ते. हवा बिघडली की रस्ते बिघडत, तोफा पायदळामागे रेंगाळत, सैन्याला रसद पुरवावी लागे. एकेक युद्ध काही आठवडे चाले आणि त्याच्या बातम्या स्टीव्हन्सन खोट्या वृत्तपत्रांसाठी मोठ्या गांभीर्याने लिही. छातीने अधू माणसाने गारठलेल्या माळ्यावर गुडघे टेकून तासन् तास बसावे, हे डॉक्टरांना कितपत रुचले असेल!

१८८१ च्या उन्हाळ्याअखेर हे सारे स्कॉटलंडमधील ब्रेमारला होते. पावसाने घरात कोंडलेला लॉइड चित्रे रंगवत होता. त्यातून एका बेटाचा नकाशा तयार झाला. तो आधी कोणी काढला, याविषयी दोघांच्या आठवणी जुळत नाहीत. नकाशाकडे पाहता पाहता स्टीव्हन्सनला झाडीतून डोकावणारी माणसे दिसू लागली आणि तो रोज एक प्रकरण लिहू लागला. कथेत सर्वांत रमले ते थॉमसच! बिली बोन्सच्या पेटीतील सामानाची यादी त्यांनीच करून दिली. पंधरा प्रकरणांनंतर लेखणी अडली. पुढचा भाग दाव्होसला पूर्ण झाला.

१८८३ मध्ये पुस्तक निघण्याच्या सुमारास प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा गहाळ झाला. आधी नकाशा काढून त्यावर कथा रचणे सोपे. पण छापलेल्या कथेतील प्रत्येक अंतर, प्रत्येक दिशा शोधून कंपासने नकाशा पुन्हा बसवणे महाकठीण. तरीही तो वडिलांच्या कार्यालयात नव्याने काढला गेला. त्यात देवमासे आले, शिडाची जहाजे आली. मुलाने अभियंता व्हावे म्हणून झुरलेल्या थॉमस यांनी त्यावर कप्तान फ्लिंटची खोटी सही ठोकली आणि बोन्सच्या हस्ताक्षरात नौकानयनाच्या सूचनाही लिहिल्या.

थॉमस १८८७ मध्ये गेले. स्टीव्हन्सनचा अंत ३ डिसेंबर १८९४ रोजी सामोआत झाला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. आपण पुस्तकात पाहतो तो हा दुसरा नकाशा. स्टीव्हन्सनला मात्र ते आपले बेट कधीच वाटले नाही. त्याचे बेट टपालातच हरवले होते.