मागे पडलेले नाव
ज्युलियस हॅलरवॉर्डन यांचा जन्म १८८२ मध्ये पूर्व प्रशियातील आलेनबुर्ग येथे झाला. १९२२ मध्ये हुगो श्पाट्स यांच्यासह त्यांनी एकाच कुटुंबातील बहिणींना जडलेल्या दुर्धर विकाराचे वर्णन केले. स्नायू ताठरत, वाचा जाई, बुद्धी मंदावे. मेंदूच्या खोल भागांत गंजासारखा तपकिरी रंग दिसे; तो साठलेल्या लोहाचा होता. मेंदूतील लोह आणि चेतापेशींचा ऱ्हास यांच्या संशोधनात हे निरीक्षण पायाभूत ठरले. विकारालाही दोघांचे नाव मिळाले.

१९३८ पासून ते बर्लिनमधील कैसर विल्हेल्म मेंदू संशोधन संस्थेत विभागप्रमुख होते. नाझी राजवटीने मनोरुग्णांची व अपंग मुलांची पद्धतशीर हत्या आरंभली, तेव्हा त्या बळींचे शेकडो मेंदू त्यांनी अभ्यासासाठी स्वीकारले. युद्धानंतरही त्यांचे संशोधन चालू राहिले. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

बळींचे अवशेष १९९० मध्ये म्युनिक येथे दफन करण्यात आले. २००१ मध्ये या विकाराचे जनुक सापडले आणि संबंधित विकरावरून त्याला नवे नाव मिळाले. लोहाविषयीचे निरीक्षण विज्ञानाने जपले. निरीक्षकाचा गौरव मात्र वैद्यकविश्वाने काढून घेतला.