रेशमाचं पॅराशूट मिळेना, म्हणून या जनरलने ते तागाचं करून घेतलं

विमानातून उडी मारणाऱ्या पॅराट्रूपरचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण तशाच विमानांतून तांदळाची पोती, काडतुसांच्या पेट्या, औषधंही खाली टाकली जातात. त्या सामानाला पॅराशूट बांधणाऱ्या जवानाचा फोटो सहसा कुठे दिसत नाही. त्याने बांधलेली दोरी सुटली की पेटी दगडासारखी खाली येते आणि खाली वाट बघणाऱ्या माणसांच्या हातात काहीच पडत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशची, म्हणजे आजच्या म्यानमारची मोहीम या कामावर अवलंबून होती. आणि ऐन मोक्याला पॅराशूटच कमी पडायला लागले.

तेव्हा तिथला सेनापती होता विल्यम स्लिम.

स्लिमचा जन्म 1891 साली ब्रिस्टलचा. घर साधं. सैन्यात येण्याआधी त्याने बर्मिंगहॅमच्या प्राथमिक शाळेत शिकवलं, एका कंपनीत कारकुनी केली. पहिलं महायुद्ध सुरू झालं नसतं तर हा माणूस बहुधा तिथेच राहिला असता. 1915 मध्ये गॅलिपोलीत तो जबर जखमी झाला. तिथे त्याने गुरखा पलटण लढताना पाहिली आणि पुढे भारतीय सैन्यात येऊन 6 व्या गुरखा रायफल्समध्ये दाखल झाला. गुरख्यांशी तो त्यांच्याच भाषेत बोलायचा. पगार पुरेना म्हणून टोपणनावाने कथाही लिहायचा.

आता आपल्या जवळचा भाग. 1939 साली स्लिम बेळगावला होता. तिथल्या सीनियर ऑफिसर्स स्कूलचा तो प्रमुख होता. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं आणि पुढे तो आफ्रिकेच्या आघाडीवर गेला.

मार्च 1942 मध्ये त्याला ब्रह्मदेशात पाठवलं ते हरत चाललेली लढाई सांभाळायला. जपानी फौजा रस्ते अडवायच्या, मागून रसद तुटायची आणि सैन्याला माघार घ्यावी लागायची. असं करत सुमारे 1,450 किलोमीटर मागे सरत त्याची माणसं मे महिन्यात भारताच्या हद्दीत पोचली. अंगावर चिंध्या, अनेक जण मलेरियाने आजारी.

स्लिमने यातून एक गोष्ट पक्की केली. रस्ता तुटला तरी जागा सोडायची नाही, रसद वरून आणायची. 1943 च्या अखेरीस तो 14 व्या आर्मीचा प्रमुख झाला तेव्हा ही योजना कागदावर ठीक होती. पण रोज शेकडो गाठोडी बांधणार कोण?

ते काम आलं त्याचा रसद प्रमुख स्नेलिंग याच्याकडे. विमानतळांवर पाळ्या लावून रात्रंदिवस बांधाबांध सुरू झाली. तांदूळ दुहेरी गोण्यांत भरून पॅराशूटशिवायच टाकला जायचा. एक गोणी फुटली तरी दुसरी धरून ठेवायची. दारूगोळा किंवा पेट्रोल मात्र असं फेकता येत नाही. त्याला पॅराशूट हवंच, आणि दोऱ्या अशा हव्यात की वजन एका बाजूला झुकणार नाही. विमान जागेवर पोचलं की आतली माणसं गाठोडी दारातून ढकलायची. एका फेरीत मोजकीच जायची, म्हणून विमानाला त्याच दरीवर पुन्हा पुन्हा घिरट्या घालाव्या लागत. खालून गोळ्या सुरूच.

पण पॅराशूट हवे होते लाखांत. भारतात तेवढे होत नव्हते आणि इंग्लंडहूनही येण्याची आशा नव्हती. ब्रह्मदेशची आघाडी लंडनच्या यादीत शेवटची होती.

स्लिमने आजूबाजूला पाहिलं. बंगालमध्ये भरपूर काय? ताग! जगातला बहुतेक ताग तेव्हा तिथेच पिकायचा. त्याने कलकत्त्याच्या ताग गिरण्यांच्या प्रमुखांना थेट साकडं घातलं. करारनामा, मंजुरी वगैरे मागाहून येईल, आधी कापड द्या, असा एकंदर मामला. दहा दिवसांत नमुने तयार झाले. महिन्याभरात जे जमलं ते नेहमीच्या पॅराशूटच्या सुमारे 85 टक्के भरवशाचं होतं.

त्यात गंमत विणकामाची होती. साध्या पॅराशूटला डोक्यावर एक भोक असतं. त्यातून हवा निघते, म्हणून ते हेलकावत नाही. तागाच्या पॅराशूटला भोकच नव्हतं. कापडाची वीण अशी ठेवली की त्यातूनच हवी तेवढी हवा जाईल. दोऱ्याही तागाच्याच. माणूस किंवा नाजूक सामान त्याला बांधायचं नाही, एवढीच अट. नेहमीच्या पॅराशूटला 20 पौंडांहून जास्त खर्च यायचा, याला 1 पौंडाच्या थोडा वर. इंग्रजीत तागाला ज्यूट म्हणतात, म्हणून नाव पडलं ‘पॅराज्यूट’.

याबद्दल शाबासकी मिळाली असेल असं वाटतं ना? स्लिमला वरून सणसणीत फटकार मिळाली. खरेदी योग्य मार्गाने केली नाही म्हणून! अडचणीच्या वेळी यापेक्षा योग्य मार्ग आपल्याला नको, असं त्याने कळवून टाकलं.

हे सगळं त्याच बंगालच्या जिवावर चाललं होतं, जिथे 1943 च्या दुष्काळात लाखो माणसं भुकेने मेली होती. तिथल्या गावांवर मात्र कुणी विमानातून तांदूळ टाकला नाही.

फेब्रुवारी 1944 मध्ये आराकानात जपान्यांनी 7 व्या भारतीय डिव्हिजनला वेढलं. यावेळी माघार झाली नाही. वरून रसद पडत राहिली आणि ताब्यात येणाऱ्या साठ्यांवर भिस्त ठेवून आलेले जपानीच उपाशी पडले. पुढे कोहिमात तर प्यायचं पाणीही वरून टाकावं लागलं.

प्रत्येक वेळी जमलं असंही नाही. मार्च 1944 मध्ये मणिपूरच्या सांगशाकला 50 वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड अडकली. तिच्यासोबत मराठा लाइट इन्फंट्रीची एक बटालियनही होती. डोंगरमाथ्यावरची जागा इतकी चिंचोळी की टाकलेलं बहुतेक सामान वाऱ्याने जपान्यांकडे गेलं. पॅराशूट हाच ज्यांचा पेशा, त्यांच्याच डोळ्यांसमोर! पाण्याविना, गोळ्यांविना ते 26 मार्चच्या रात्रीपर्यंत लढले आणि मग अंधारात बाहेर पडले. त्या दिवसांत जपान्यांची वाट अडली आणि इंफाळला तयारीसाठी वेळ मिळाला.

22 जून 1944 ला इंफाळचा रस्ता मोकळा झाला. मे 1945 मध्ये रंगून परत मिळालं. स्लिम पुढे फील्ड मार्शल झाला, ब्रिटिश लष्कराचा प्रमुख झाला, ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरलही झाला. 1956 मध्ये त्याने या मोहिमेवर पुस्तक लिहिलं. त्यात तागाच्या पॅराशूटची किंमतही दिली आणि खाल्लेली फटकारही नोंदवून ठेवली. 14 डिसेंबर 1970 ला लंडनमध्ये तो वारला.