एडी रॉबिन्सन : वर्तुळाबाहेरचा गुरू

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक आपले सहायक स्वतःच निवडतो. निवड बहुधा ओळखीतली. जुने सहकारी, जुने खेळाडू. ज्यांना त्या वर्तुळात प्रवेशच नाही, त्यांनी काय करावे, असे आम्ही विचारतो. एडी रॉबिन्सन यांच्या आयुष्यात याचे उत्तर आहे.

१९१९ साली लुईझियानातील कृष्णवर्णीय बटाईदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९४१ साली, २२व्या वर्षी, ते ग्रॅम्बलिंगच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात मुख्य प्रशिक्षक झाले. पगारी सहायक एकही नव्हता. मैदानाचे गवतही तेच कापीत. तरी १९४२ साली त्यांच्या संघाने एकही गुण न देता नऊही सामने जिंकले.

पुढे त्यांनी आपल्याच खेळाडूंना सहायक केले. मेल्विन ली त्यांपैकीच एक. १९७९ साली विची्टा स्टेटने विली जेफ्रीज यांना नेमले, तेव्हा कुठे मोठ्या विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आला. रॉबिन्सन यांना ग्रॅम्बलिंगमध्ये तोवर ३८ वर्षे झाली होती!

४०८ विजय मिळवून ते १९९७ साली निवृत्त झाले. त्यांची जागा त्यांचेच शिष्य डग विल्यम्स यांनी घेतली. २००७ साली रॉबिन्सन गेले.

गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे : निवडणारा कोण आणि त्याची ओळख कोणाशी, ते आधी तपासा.